सर्जेरावांची ओली पावलं

१

सर्जेराव वारले. मांजरी गावच्या चौकात तसा फ्लेक्सच लागला होता. वर पटका बांधलेला फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली शोकाकुल मंडळींचे इतके चेहरे की ज्यांना शोक झाला नव्हता त्यांनाही जागा मिळाली होती. दुपारी हॉस्पिटलातून फोन गेला की सर्जेराव चहा मागताहेत. फ्लेक्स उतरला, पालथा करून कडब्याच्या गंजीवर टाकला गेला, आणि तो कधी लागला होता हे मांजरीत कुणालाच आठवेना. ज्यानं फोटो दिला त्यालाही.

तेव्हा सर्जेराव वारले नव्हते, असं धरूनच सुरुवात करू.

मात्र कुणीतरी त्यांच्या मागे लागलं होतं. आमच्या हॉस्पिटलात, सोलापूर रस्त्यावर, ते तिसऱ्यांदा आले होते आणि तिन्ही वेळा तसेच आले होते. अंग घामानं निथळत होतं, तोंडातून लाळ, छातीत पाण्याची खळखळ. पिंडऱ्यांवर कातडीखालून मुंग्यांची मिरवणूक निघाल्यासारखी हालचाल. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शेतात फवारायच्या औषधाची विषबाधा. निदान मलासुद्धा करता आलं, यावरून ते किती सोपं होतं हे कळावं. मी श्रीनिवास, अतिदक्षता विभागातला सर्वांत धाकटा डॉक्टर.

माझ्या वरिष्ठ डॉक्टर नीरजा. भूलतज्ज्ञ. माणसं झोपवणं हा त्यांचा व्यवसाय, आणि इंजेक्शनाशिवायही ते साधतं असं त्या माझं केस-प्रेझेंटेशन ऐकताना म्हणत.

"दोनदा बरे करून घरी पाठवले," त्या म्हणाल्या. "दोनदा घरानं परत पाठवले."

फौजदार अनंतराव बाकावर बसले होते. त्यांनी तपास एका प्रश्नात संपवला होता.

"घरात रांधतं कोण?"

"सून," सर्जेरावांची बहीण सोजरबाई म्हणाली. विधवा झाल्यापासून ती भावाच्याच घरी राहत होती.

"झालं तर."

सून म्हणजे विजयमाला. दाराबाहेर मांडीवर डबा घेऊन बसली होती. सासऱ्यांना भात लागतो म्हणून घरून आणलेला. तो आता पोलिसांचा पुरावा झाला होता आणि निवत चालला होता. बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, म्हणून अनंतराव सूर्यास्ताआधी करणार होते. कायद्याचा आदर होता माणसाला. महिला शिपाईही येऊन बसली होती.

"बाई, पिशवी बघू."

पिशवीतून रुमाल निघाला, हळदीकुंकवाची पुडी निघाली, आणि फौजदारांच्या तळहातावर काटेरी हिरवी बोंडं गडगडत आली.

धोत्रा.

२

"सोमवार हाय," विजयमाला म्हणाली. "महादेवाला न्यायची व्हती. मामंजींसाठी नवस बोलले."

"नवस!" सोजरबाईनं पदर डोळ्यांना लावला. "माझ्या भावाला धोत्रा चारला हिनं. म्या पहिल्या दिवसापास्नं सांगती."

मुलगा मच्छिंद्र भिंतीला टेकून उभा होता. बायकोकडे बघायचं नाही आणि आत्याकडेही बघायचं नाही, म्हणून तो अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना वाचत होता. "मॅडम, टेन्शनचंपण असू शकतं ना? आबा फार टेन्शन घेतात. आमच्या साइटचं मॅटर चालू आहे."

नीरजामॅडमनी एक बोंड उचललं, बघितलं आणि परत ठेवलं.

"टेन्शन घेतलेला माणूस कसा दिसतो, मच्छिंद्रराव? तोंड कोरडं पडतं. बाहुल्या मोठ्या होतात. काळीज धावतं. भीतीचा निरोप मज्जातंतूच पोहोचवतात, पण त्याचं रसायन वेगळं. तुमचे वडील आले तेव्हा तोंडाला धार लागलेली, बाहुल्या टाचणीएवढ्या, आणि नाडी चढावर थकलेल्या बैलासारखी. हे भ्यालेल्या माणसाच्या अगदी उलट आहे."

"आणि धोत्रा?" फौजदारांनी विचारलं.

"तोही उलट. धोत्र्यानं बाहुल्या डोळाभर होतात, घाम थांबतो, कातडी तव्यासारखी तापते. सर्जेरावांना आम्ही अट्रोपिन देतोय. ते धोत्र्याच्या कुळातल्याच झाडांपासून निघतं. म्हणजे या बाईंच्या पिशवीत विष नव्हतं, उताऱ्याचा चुलतभाऊ होता. श्रीनिवास, हे ऐकून कुणी घरी धोत्रा उकळणार नाही याची जबाबदारी तुझी."

मी सगळ्यांकडे जबाबदारीनं बघितलं.

"मला एवढं उलट-सुलट कळत नाही," अनंतराव म्हणाले. "नेमकं होतं काय?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. विद्यार्थ्यांना सांगताना करत नसत इतका.

"मेंदू आणि कण्यातला मज्जारज्जू सोडला, तर बाकी अंगभर पसरलेल्या मज्जातंतूंचं काम काय? निरोप नेणं. पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये बारीक फट असते. ती ओलांडायला एक रसायन असतं, असिटिलकोलीन. पंगतीतला पाहुणा समजा. तो पाटावर बसला की काम सुरू. स्नायूच्या पाटावर बसला तर स्नायू आवळतो, घामाच्या ग्रंथीवर बसला तर घाम, बाहुलीपाशी बसला तर बाहुली बारीक, काळजापाशी बसला तर काळीज सावकाश. पाहुणा तोच, पाट वेगवेगळे. जेवण झालं की त्याला लगेच उठवावं लागतं. त्यासाठी दुसरं एक द्रव्य असतं. कोलिनेस्टरेज. ते उष्टी उचलतं."

"आणि विष?"

"विष त्या उष्टी उचलणाऱ्यालाच बांधून ठेवतं. मग पाहुणे उठत नाहीत, नवे येतच राहतात. सगळीकडे एकदम निरोप. घाम, लाळ, छातीत पाणी, स्नायूंची तडफड. शेवटी श्वासाचे स्नायू दमून थांबतात. चौथ्या वेळी आम्हाला उशीर झाला, तर तेवढंच होईल."

बाहेर विजयमालेनं मांडीवरचा डबा घट्ट धरला.

"म्हणजे पाहुण्याचा गुन्हा नाही," अनंतराव म्हणाले.

"नाही. पाहुणा घरचाच आहे."

फौजदारांनी धोत्र्याची बोंडं पिशवीत परत टाकली. फवारणीचं औषध घरी असतं का, असं मच्छिंद्रला विचारलं. मच्छिंद्र हो म्हणाला. उसाच्या वाळवीसाठी आणलेलं, शेडमध्ये. शेडला कुलूप? नाही.

"मग विष बदललं," अनंतराव उठत म्हणाले. "बाई तीच."

३

"पाच मिनिटं द्या," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते."

प्रश्न साधा होता: आज सकाळी सगळ्यात आधी काय झालं?

मच्छिंद्र म्हणाला, उलटी झाली. तो घरी होता का? नव्हता, साइटवर होता. मग त्याला कसं कळलं? फोनवर आत्यानं सांगितलं. मॅडमनी त्याचे आभार मानले. न पाहिलेलं इतक्या खात्रीनं सांगणारे साक्षीदार दुर्मीळ नसतात, पण ते असं सहज कबूल करत नाहीत.

सोजरबाई आत आली. मी पाण्याचा स्टीलचा पेला पुढे केला. तो तिच्या हातातून निसटला आणि फरशीवर नाचत गेला.

"हाताला नुसता घाम सुटतोय, बाबा. भावाची काळजी." तिनं तळवे पदराला पुसले, मग तळव्यांनीच डोळे पुसले. "आधी काय झालं? तोंडाला फेस आला. म्या देवघरात व्हते, वरडा आयकून पळत आले तर फेस."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीचं तिला इचारा. तीच व्हती म्होरं." मग वर बघत ती करवादली, "आन् हितं दिवं एवढं बारीक का केल्यात? बिल तर चांगलं ठळक लावताय."

ही तक्रार तिनं मागच्या खेपेलाही केली होती. आमचं व्यवस्थापन रुग्णाच्या नातेवाइकांना फार मानतं, त्यामुळे खोलीतल्या दोन्ही ट्यूब बदलण्यात आल्या होत्या. मी तसं सांगितलं.

"बदलल्या? मग फशिवलंय तुमाला. माल जुनाच दिलाय."

नीरजामॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचं असं बघणं मला ओळखीचं होतं; माझ्या बाबतीत त्यानंतर सहसा काहीतरी वाईट व्हायचं.

शेवटी विजयमाला.

"मला कशाला इचारता? साहेबांचं लिवून झालंय."

"साहेबांचं लिहिलेलं खोडताही येतं," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यात आधी काय झालं?"

ती डब्याच्या कडीवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "पावलं."

"कसली?"

"म्या नुकतीच फरशी पुसली व्हती. मामंजी देवळातनं आले. बाहेर वहाणा काढल्या आन् आत आले, तर दारापास्नं झोपाळ्यापतूर ओली पावलं उमटली. मला आला राग. म्हणलं, मामंजी, पाय धुवून तसंच आलात व्हय, आत्ताच पुसलंय. तर म्हणले, 'अगं पाय कुठं धुतले अजून? घाम फुटलाय पायाला.' थंडीचं दिस. आंगावर शाल हाय मानसाच्या, आन् पायाला घाम. म्या फडकं आनलं पुसायला, तर पोटऱ्या आपोआप उडत व्हत्या. लाळ, फेस, ते सगळं मागनं. म्या रागं भरले, आन् मानूस मरत व्हता."

"त्यांनी काय खाल्लं होतं?"

"कायबी नाय. देवाला जाऊन आल्याबिगर च्यासुदिक घेत न्हाईत."

मॅडम उभ्या राहिल्या.

"अनंतराव, जीप काढा. सर्जेरावांच्या पायात काय असतं ते बघायचंय."

४

मांजरीच्या त्या घराच्या ओट्यावर वहाणा जोडीनं ठेवल्या होत्या. जाड कातड्याच्या, करकर वाजणाऱ्या, पण आत्ता ओल्या काळ्या दिसत होत्या. समोर कडब्याची गंजी. वाऱ्यानं पालथ्या फ्लेक्सचा एक कोपरा उलटायचा, सर्जेराव आमच्याकडे बघायचे, वारा पडला की परत झाकले जायचे.

"हात लावू नका," मॅडम म्हणाल्या. फौजदारांनी पुढे केलेला हात खिशात घातला.

"विष कुठल्या दारानं शिरलं, ते पहिलं लक्षण सांगतं," त्या पुढे म्हणाल्या. "वाफ असेल, तर आधी डोळे. खाल्लं असेल, तर आधी पोट: मळमळ, उलटी. कातडीतून शिरलं असेल, तर जिथं शिरलं तिथले मज्जातंतू आधी बोंबलतात. तिथंच घाम, तिथलेच स्नायू उडणार. बाकीचं अंग नंतर. सर्जेरावांचे पाय आधी रडले."

"पण मॅडम," मी म्हणालो, "आपण तिन्ही वेळा त्यांचे कपडे काढून अंग धुतलं होतं."

"धुतलं. वहाणा धुतल्या का?"

नव्हत्या. त्या कधी हॉस्पिटलात आल्याच नव्हत्या. बेशुद्ध माणसाला वहाणा चढवून कोण आणतं? तो येतो अनवाणी, बरा होतो, घरी जातो, सकाळी देवळात जायला वहाणा पायात घालतो. मग मला दुसरीही एक गोष्ट सुचली आणि मी ती तोंडाबाहेर काढली: हॉस्पिटलात सर्जेराव मागच्या दोन्ही खेपांना सुनेच्याच डब्यातला भात खात होते, आणि त्यानं त्यांचं वजन वाढलं होतं.

"हे तुला आज सुचलं," मॅडम म्हणाल्या. "ठीक आहे. काहींना सुचतच नाही."

फौजदार अनंतरावांनी काठीनं एक वहाण उलटवली. तळव्याच्या कातड्यातून तेल पाझरत होतं, आणि तेलाला एक उग्र वास होता, जो तेलाचा नव्हता.

"म्हणजे कुणीतरी वहाणांना विष पाजलं." त्यांनी जीपमध्ये बसलेल्या विजयमालेकडे पाहिलं. तिला बरोबर आणलं होतं. पुरावा आणि आरोपी वेगळे ठेवायला माणसं कमी होती. "जागा बदलली. बाई तीच."

"वहाणांना तेल कोण घालतं?" मॅडमनी बरोबर आलेल्या मच्छिंद्रला विचारलं.

मच्छिंद्रनं आपल्या स्पोर्ट शूजकडे पाहिलं. "आयडिया नाही, मॅडम. त्या कायम तेल घातलेल्याच असतात."

"विजयमाला, तुला माहीत आहे."

विजयमालेनं तोंड फिरवलं. फडताळात कुणीतरी जपून ठेवलेली वस्तू आपल्या हातून फुटू नये, तसं ती ओठ मिटून बसली होती.

"बोल की गं," मच्छिंद्र पहिल्यांदाच तिच्याशी बोलला. "दिवस मावळायला आलाय. घेऊन जातील तुला."

"न्हेऊ द्या."

उसाच्या शेंड्यांवर ऊन पिवळं झालं होतं. महिला शिपाई जीपमधून उतरून तिच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"पाच मिनिटं," नीरजामॅडम म्हणाल्या. "ते नाव ती घेणार नाही. पण मला ते दुपारपासून समोर दिसतंय. हॉस्पिटलात परत चला."

५

सोजरबाई भावाच्या खाटेशी बसली होती. सर्जेराव जागे होते. नाकात नळी होती तरी बहिणीला चहावरून टोचत होते. मॅडमनी तिला खिडकीपाशी उजेडात आणलं आणि हनुवटीला हात लावून तोंड वर केलं.

"आजी, दिवे बारीक नाहीत."

"मग?"

"तुमच्या डोळ्यांची दारं लोटली गेलीत. श्रीनिवास, बघ."

मी बघितलं. सोजरबाईच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. जिला सगळं जग अंधुक दिसत होतं, तिची तक्रार आम्ही ट्यूब बदलून मिटवली होती.

"आणि हात दाखवा. हा घाम काळजीचा नाही." मॅडमचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. "भावाच्या वहाणांना तेल तुम्हीच पाजता ना?"

"मग दुसरं कोन?" सोजरबाईला प्रश्नच कळला नाही. "लगीन व्हायच्या आधीपास्नं म्याच. दवाखान्यातनं भाऊ घरी यायचा म्हणलं की आदल्या सांजंला घालती. पडून ऱ्हायलं की कातडं वाळतं, मग टाचंला चावतं. हातानं चोळल्याबिगर पीत नाय ते."

"तेल कशात ठेवलंय?"

"डबा हाय की. मच्छिंद्राचा, उसाच्या औषदाचा. रिकामा टाकून दिलता त्यानं शेडात. चांगला दणकट, बुच घट्ट. एरंडेलाची बाटली गळायला लागली, म्हणून म्या घेतला."

"धुतला होता?"

सोजरबाईनं मॅडमकडे असं पाहिलं, जणू एवढी शिकलेली बाई आणि एवढं कळू नये.

"तेलाच्या डब्याला पानी लावत्यात व्हय? तेल खवट व्हतं. म्या उनात पालथा घातला, फडक्यानं पुसला. वास व्हता थोडा. पर खायाचं तेल न्हाई घातलं म्या त्यात. एवढी अक्कल हाय मला. वहाणांचं घातलं. पायानं कोन खातं?"

अनंतरावांनी वही मिटली.

मग आमच्या चेहऱ्यांवरून तिला ते कळत गेलं. सावकाश. ज्या फटीतून निरोप जायचा ती फार रुंद असावी तसं. तिनं आधी सर्जेरावांच्या उघड्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहातांकडे.

"म्या?"

सर्जेराव उठायला लागले. मी त्यांना धरलं.

"आन् म्या हिला…" सोजरबाईनं दाराकडे बघितलं. तिथं विजयमाला उभी होती, बाजूला महिला शिपाई. "तुला म्हाईत व्हतं. म्या घालते ते. बोलली का न्हाईस गं?"

"काय बोलू, आत्याबाई?" विजयमाला म्हणाली. "म्या म्हणले असते तर समदे म्हणले असते, आपल्यावरचं म्हातारीवर ढकलती. आन् तुमी मुद्दाम केलं नव्हतं, एवढं मला कळत व्हतं."

अनंतराव खिडकीबाहेर बघत होते. सूर्य मावळला होता. आता त्यांना कुणाही बाईला अटक करता येत नव्हती, आणि कधी नव्हे ते त्यांना कायद्याचा आधार वाटला. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"अपघात," ते म्हणाले. "वहाणा जप्त करतो."

सोजरबाईला शेजारची खाट दिली. रक्तात तिचंही ते उष्टी उचलणारं द्रव्य बरंच कमी निघालं. मॅडमनी तिचे हात साबणानं धुववले, पुन्हा धुववले, नखांसकट. धुताना ती मुळीच रडली नाही, आणि ते बघवत नव्हतं. विजयमालेनं दुपारपासून कोपऱ्यात पडलेला पेला उचलला, विसळला, पाणी भरलं आणि तिच्या तोंडाला लावला, कारण तिनं हात पुढे केले नाहीत.

६

सर्जेराव बरे झाले. चौथ्यांदा आले ते तपासणीला, स्वतःच्या पायांनी, आणि अनवाणी. मच्छिंद्रनं नवे जोड घेतले होते. त्यांनी घातले नाहीत.

"सोजरबाई कशा आहेत?" मी विचारलं.

"बरी हाय. डोळं उघडलं, आता दिवं लख्ख दिसत्यात. पर हातांवर बसती. असे मांडीखाली घिऊन. भाकरी थापत न्हाई, फुलं येचत न्हाई. सून भरवती तवा खाती. म्हणती, माझ्या हातात इख हाय. म्या लाख सांगितलं, आगं धुतलं त्ये. न्हाई आयकत."

मॅडमनी विचारलं, आम्ही काही करू शकतो का. हाताच्या नसा ठीक होत्या. स्नायू ठीक होते. निरोप कुठल्या फटीत अडकला होता, ते आमच्या कुठल्याच तपासणीत दिसणार नव्हतं.

"एक अर्ज लिवून द्या," सर्जेराव म्हणाले. "शुद्ध भाषेत. म्या आंगठा न्हाई, सही करतो."

मी लिहिला. मॅडमनी वाचला, एक स्वल्पविराम घातला, आणि 'हे होणार नाही' असं म्हणाल्या नाहीत. फौजदार अनंतरावांनी तो घेतला, पोच दिली, आणि फाइलला लावला. तो असा:

प्रति, मा. प्रभारी अधिकारी, पोलीस ठाणे.

विषय: जप्त मुद्देमाल, कातडी वहाणा जोड एक, परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर वहाणा अर्जदाराच्या असून त्यात विष मुरले असल्याने त्या नष्ट करण्यात येणार असल्याचे समजते. अर्जदाराची त्यास हरकत आहे. सदर वहाणांस तेल पाजण्याचे काम अर्जदाराची भगिनी सोजरबाई ही लग्नाआधीपासून करीत आली असून, दुसऱ्या वहाणांस हात लावण्यास ती तयार नाही. तरी शासनाने सदर वहाणांतील विष आपल्या स्तरावर काढून घ्यावे, त्यांत आजवर मुरलेल्या तेलास धक्का लावू नये, आणि त्या तिच्याच हाती, कोरड्या पडून टाचेस चावू लागण्यापूर्वी, परत देण्याचे करावे, ही नम्र विनंती.